घाटाखालच्या चित्रवह्या

नित्य कांहीं वाचावें, नित्य कांहीं लिहावें, नित्य चार नमस्कार घालावे, असा उपदेश आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडतो. पण नित्य कांहीं रेखाटावें असें वडील माणसांनीं सांगितल्याचें सहसा कोणाच्या स्मरणांत नसेल. चित्र काढणें हा एक तर मुलांचा खेळ, नाहीं तर धंदेवाईक चिताऱ्याचें काम, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांत रूढ आहे. नोकरी, संसार, मुलांचें शिक्षण, आल्यागेल्याचा पाहुणचार यांत गुंतलेल्या गृहस्थानें अथवा गृहिणीनें रोज घटकाभर शिसपेन हातीं धरावी ही गोष्ट आपल्यास चैनीची वाटते, आणि 'सवड मिळाली म्हणजे पाहूं' या एका वाक्यांत तिची वासलात लागते.

इतिहास पाहतां उलट प्रकार आढळतो. ज्यांच्या चित्रवह्यांवरून दीडदोनशें वर्षांपूर्वींचा आपला मुलूख आज डोळ्यांपुढें आणतां येतो, त्यांपैकीं पुष्कळ जण धंद्यानें चित्रकार नव्हते, आणि रिकामटेकडे तर मुळींच नव्हते. कोणी कारकून होता, कोणी पलटणींतला अंमलदार, कोणी धर्माधिकारी, कोणी प्रवासास निघालेली स्त्री, कोणी शाळेंतला मास्तर. सवड त्यांच्याकडे चालून आली नाहीं. ती त्यांनीं कामाच्या फटींतून काढली. अशी फट कशी सांपडते, ती कोणास सांपडली व कोणास नाहीं, आणि त्यामुळें आपल्या पदरांत काय पडलें व कायमचें काय गेलें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. त्यासाठीं आम्हीं एक लहानसाच मुलूख घेतला आहे : बोरघाटाच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे दोन तालुके.

हे तालुके आज रायगड जिल्ह्यांत आहेत. एकोणिसाव्या शतकांत ते ठाणें जिल्ह्यांत मोडत, आणि खालापूर हा कर्जतचा पेटा असे. पूर्वेस सह्याद्रीचा उभा कडा व त्यावर राजमाची. पश्चिमेस माथेरान व इर्शाळ यांची डोंगररांग. उत्तरेकडे वाहणारी उल्हास आणि पश्चिमेकडे जाणारी पाताळगंगा. मध्यें भाताचीं खाचरें आणि कातकरी-ठाकरांच्या वाड्या, असा हा प्रदेश. १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानास जेथें कोंडलें ती उंबरखिंड याच टापूंत आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा होडीनें पनवेलीस उतरे, आणि तेथून चौक, खालापूर, खोपोली असा पायथ्यापर्यंत येऊन घाटास लागे. राजकारणी, व्यापारी, सैनिक, यात्रेकरू, सारे याच वाटेनें गेले. आणि त्यांच्याबरोबर चित्रवह्याही गेल्या.

सन १८३० मध्यें गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. तत्पूर्वीं माणूस पालखींतून, घोड्यावरून अगर पायीं चढे, आणि सामान बैलांच्या पाठीवर जाई. चढ अवघड, ऊन कडक. म्हणून चढणीपूर्वीं खोपोलीस मुक्काम करण्याची वहिवाट होती. तेथें नाना फडणविसांनीं बांधविलेला प्रशस्त तलाव व महादेवाचें देऊळ आहे. वाटसरूंनीं पाणी प्यावें, सावलींत बसावें, यासाठीं केलेली ही सोय परदेशीय प्रवाशांच्याही उपयोगी पडली. १८०९ च्या अखेरीस कार्ल्याचीं लेणीं पाहण्यास निघालेल्या मराया ग्रॅहम या बाईंनीं आपल्या रोजनिशींत या स्थळाची नोंद केली आहे; १८२५ सालीं पुण्याकडे जाणाऱ्या बिशप हीबर यांनींही केली आहे. ग्रॅहमबाईंची रोजनिशी १८१२ सालीं छापून निघाली, तींतील चित्रें त्यांच्याच रेखाटनांवरून तयार झालेलीं आहेत. हीबर हे कलकत्त्याचे बिशप. कलकत्त्याहून निघून उत्तर हिंदुस्थानांतून मुंबईपर्यंतचा त्यांचा दौरा हा सरकारी अर्थानें कामाचा दौरा होता : ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांस भेटणें, धर्मविधि चालविणें, पत्रव्यवहार पाहणें. या धांवपळींत त्यांनीं रोजनिशी लिहिली व रेखाचित्रेंही केलीं. १८२६ सालीं त्रिचनापल्ली येथें वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं ते एकाएकीं वारले. दोन वर्षांनीं त्यांच्या पत्नीनें तें प्रवासवृत्त त्यांच्याच रेखाटनांवरून केलेल्या चित्रांसह प्रसिद्ध केलें.

ही चित्रें रिकाम्या दिवसांचीं नाहींत. पालखीचे भोई विसांवा घेत आहेत, स्वयंपाक व्हावयाचा आहे, ऊन कललें म्हणजे निघावयाचें आहे, अशा मधल्या वेळांचा हा उपयोग आहे. मुक्काम हा कामाचाच एक भाग होता. तो टाळतां येत नव्हता, आणि त्यांत दुसरें कांहीं करण्यासारखेंही नव्हतें. नित्याच्या रेखनाचें बीज आमच्या मतें येथें आहे. दिवसाच्या क्रमांत जी घटका ठरल्याप्रमाणें रिकामी येते तिच्याशीं चित्रवही जोडली गेली, तर ती संवय टिकते. केव्हां तरी मिळणाऱ्या सबंध दिवसावर विसंबली, तर टिकत नाहीं.

या संवयीचा अतिशय बळकट नमुना म्हणजे जेम्स फोर्ब्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत 'रायटर', म्हणजे केवळ कारकून, म्हणून हा मुलगा पंधरासोळा वर्षांच्या वयांत घरून निघाला. मुंबई, त्रावणकोरकडील अंजेंगो, भडोच, डभई अशा ठिकाणीं त्यानें १७८४ पर्यंत नोकरी केली. कोंकणांत महाडजवळील दासगांवच्या उन्हाळ्यांपर्यंतही तो जाऊन आला होता. झाडें, पक्षी, देवळें, माणसें, जें समोर येईल तें तो काढीत गेला आणि घरच्या पत्रांबरोबर जपत गेला. या सर्व कागदांच्या दीडशें मोठ्या वह्या झाल्या होत्या असें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. त्यांतून निवडून १८१३ सालीं त्यानें 'ओरिएंटल मेम्वार्स' हा चार खंडांचा ग्रंथ काढला. फोर्ब्सचा हात मोठ्या चित्रकाराचा नव्हे. कित्येक चित्रें ताठर आहेत. पण दीडशें वह्या भरल्या त्या प्रतिभेनें नव्हेत. हिशेबाची खतावणी जशी रोजच्या रोज भरावी लागते तशाच त्या भरल्या.

साधनांचाही येथें विचार केला पाहिजे. जलरंग पूर्वीं प्रत्येकास स्वतः खलून करावे लागत. लंडनमधील रीव्ह्ज बंधूंनीं पाण्यानें भिजविल्याबरोबर वापरतां येईल अशी रंगाची वडी तयार केली, आणि १७८१ सालीं तेथील सोसायटी ऑफ आर्ट्सनें त्यांचा गौरव केला. फ्रान्समध्यें १७९५ सालीं काँटे यानें ग्राफाइटची भुकटी व माती एकत्र भाजून स्वस्त शिसपेन करण्याची रीत शोधली. रंगाची पेटी खिशांत मावूं लागली, तेव्हां ती घोड्यावरही जाऊं लागली. रीत साधारण अशी असे : जागेवर शिसपेनीनें आकार पक्का करावयाचा, सावल्या कोणत्या बाजूस पडल्या तें दाखवावयाचें, रंगांचीं नांवें कडेला शब्दांनीं लिहून ठेवावयाचीं, आणि रंग रात्रीं दिव्याजवळ किंवा पुढल्या मुक्कामावर भरावयाचा. एका चित्राचे असे दोन तुकडे केले म्हणजे कोणताही तुकडा पाव तासांत बसतो.

पलटणींतल्या अंमलदारांस तर हें शिक्षणच मिळे. कंपनीनें १८०९ सालीं ॲडिसकोंब येथें लष्करी विद्यालय काढलें, त्यांत रेखाकला हा शिकवण्याचा विषय होता. त्याचें कारण सौंदर्यप्रेम नव्हे. डोंगराची सोंड कोठें उतरते, तोफ कोणत्या वाटेनें चढेल, किल्ल्याचा तट कोठें ढांसळला आहे, हें कागदावर उतरवितां येणें हें अंमलदाराचें कामच होतें. विद्यालयांत न शिकलेलेही या वाटेला लागले. मुंबईच्या फौजेंतील कॅप्टन रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले यानें नोकरीच्या काळांत पश्चिम हिंदुस्थानांत रेखाटनें केलीं, आणि १८२६ ते १८३० या वर्षांत आपलीं व इतरांचीं चित्रें मिळून एक भव्य रंगीत संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील बोरघाटाच्या माथ्यावरून दिसणारा देखावा १८०४ सालीं इकडे येऊन गेलेल्या विल्यम वेस्टॉल या चित्रकाराच्या रेखाटनावरून केलेला आहे. पुढें ज्याच्या नांवानें पेढी व बँक प्रसिद्धीस आली तो हाच ग्रिंडले.

या चित्रांचें ऋण मान्य करतांना त्यांतील उणेंही सांगितलें पाहिजे. ज्या डोळ्यांनीं हा मुलूख पाहिला ते बहुधा राज्यकर्त्यांचे, अगर राज्यकर्त्यांच्या पाहुण्यांचे होते. रम्य देखाव्याचा एक ठरीव सांचा ते घरून घेऊन आले होते : पुढें अंधारी झाडी, मध्यें उजेडाचा पट्टा, मागें धूसर कडे, आणि कोपऱ्यांत प्रमाण कळावें म्हणून दोनतीन माणसें. त्या कोपऱ्यांतलीं माणसें आपलीं होतीं. त्यांचें नांव, गांव, धंदा चित्रावर नसतो. कित्येकदां तोंडही नसतें. सह्याद्रीचे कडे या वह्यांत हुबेहूब उतरले. खालापुरांतल्या घराचें जोतें कसें होतें, खोपोलीच्या तलावावर पाणी भरणारी बाई हंडा कसा घेत असे, हें मात्र त्यांवरून फारसें कळत नाहीं.

मग आपलीं माणसें काय करीत होतीं? आपल्याकडे चित्रकलेची परंपराच नव्हती असें कोणी म्हणेल तर त्यानें याच कर्जत तालुक्यांतील कोंडाण्याचीं लेणीं पाहावीं. राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हासच्या खोऱ्यांत, इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास हीं लेणीं खोदलीं गेलीं. लांकडी वास्तूचे वासे, कठडे, कमानी दगडांत जशाच्या तशा उतरविल्या आहेत, आणि दर्शनी भागावर नाचणाऱ्या युगुलांच्या आकृति आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास विष्णुशास्त्री नांवाच्या विद्वानानें या लेण्यांकडे प्रथम लक्ष वेधलें, आणि त्यानंतर ठाण्याचे कलेक्टर लॉ यांनीं तीं जाऊन पाहिलीं. चैत्याजवळ एका भग्न मूर्तीच्या मस्तकापाशीं ब्राह्मी लिपींत एक ओळ कोरलेली आहे. कण्ह याचा अंतेवासी बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. प्राचीन हिंदुस्थानांत कारागिरानें आपलें नांव सांगणें विरळा. येथें तर गुरु व शिष्य या दोघांचींही नांवें आहेत. हाताला असें वळण लागावयाचें तें गुरूच्या घरच्या नित्य सहवासांतूनच लागत असलें पाहिजे.

पेशवाईच्या अखेरच्या काळांतलें एक नांव आम्हांस याहून अधिक जवळचें वाटतें. पुणें दरबारांतील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यानें पुण्यास एक चित्रशाळा चालविली होती. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ सालीं मुंबईस आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांचीं तसबिरींतील रूपें आज आपल्यास परिचित आहेत तीं पुष्कळशीं त्याच्यामुळें. या मंडळींच्या सहवासांत गंगाराम चिंतामण तांबट, उपनांव नवगिरे, या पुण्याच्या चित्रकारानें समोर पाहून चित्र काढण्याची युरोपीय रीत आत्मसात केली. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा त्यानें १७९० सालीं काढला आहे. सिंहीण, पहिलवान, कार्ले व वेरूळ येथील लेणीं हींही त्याच्या हातून उतरलीं. गेंड्याच्या कातड्याच्या घड्या पाहिल्या म्हणजे हा मनुष्य ऐकीव रूप काढीत नसून समोरच्या जनावराकडे वारंवार मान वर करून पाहत होता, अशी खात्री पटते. मॅलेटच्या संग्रहांतून हीं चित्रें विलायतेस गेलीं, आणि आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत.

पण गंगारामाची ही रीत पुण्यांत रुजली नाहीं. वेल्स १७९५ सालीं साष्टींत लेण्यांचें काम करीत असतां तापानें वारला. मॅलेटनें १७९७ सालीं पुणें सोडलें. दोन दशकांत पेशवाईही संपली. जी संवय एका आश्रयदात्याच्या खर्चावर उभी होती ती त्याच्याबरोबर गेली. पुणें दरबारच्या दफ्तरांत कोट्यवधि कागद आहेत. पै-पैचा हिशेब, बातमीपत्रें, निवाडे, यांत आपले कारकून कोणास हार जाणारे नव्हते. रोज लिहिण्याची संवय त्यांच्या हाडींमाशीं खिळली होती. तींतली एक घटका रेखनाकडे वळावी असें मात्र घडलें नाहीं. आणि त्यामुळें ज्या घाटांतून आपल्या फौजा वर्षानुवर्षें चढल्या-उतरल्या त्याचें रूप पाहावयाचें तर आज परक्यांच्या वह्या उघडाव्या लागतात.

रोज रेखाटणारे हात आपल्या घरांत तेव्हांही होते, याचा विसर मात्र पडूं नये. सकाळीं सडा घालून उंबऱ्याशीं रांगोळी काढल्याशिवाय घरचीं कामें सुरूं होत नसत. चैत्रांत तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत अंगणांत चैत्रांगण रेखाटण्याची चाल आहे. त्यांत पाळण्यांतली गौर, चंद्र-सूर्य, शंख, चक्र, तुळशीवृंदावन, गोपद्में, हत्ती अशीं चिन्हें एकाखालीं एक येतात. दळणकांडण, मुलेंबाळें, सोवळेंओवळें यांच्या रगाड्यांत या बायकांनीं महिनाभर एक चित्र रोज नव्यानें काढलें. नोकरी-संसारामुळें जमत नाहीं असें म्हणणाऱ्या पुरुषांस याहून चोख उत्तर दुसरें नाहीं. भेद दोन गोष्टींचा. रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखालीं पुसली जाते. आणि तिचा विषय ठरलेला, पाठ झालेला असतो. दारांतून दिसणारा डोंगर अंगणांतल्या रांगोळींत येत नाहीं. हाताची संवय घरांत होती. समोर पाहण्याची व कागदावर राखण्याची संवय तिला जोडली गेली नाहीं, एवढेंच.

पुढें घाटांतले मुक्कामच नाहींसे झाले. आगगाडी १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आली. १८५८ सालीं खंडाळा ते पुणें हा फांटा सुरूं झाला. आणि मधला घाट १८६३ सालीं जोडला गेला. पंधराहून अधिक मैलांच्या या चढणीस पंचवीस बोगदे खोदावे लागले, आणि कामाच्या भरांत चाळीस हजारांवर मजूर खपत होते. मुख्य कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, तेव्हां त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल यांनीं, कंत्राट पुढें चालविलें. कामाच्या छायाचित्रांचा जो संग्रह उपलब्ध आहे त्याचें श्रेय त्यांसच दिलें जातें. बोगद्याच्या तोंडाशीं उभे असलेले मजूर आतां यंत्रानें टिपले जाऊं लागले. खोपोलीच्या तलावाकाठीं दुपार घालविणारा प्रवासी संपला. डब्याच्या खिडकींतून एक दरी दिसली न दिसली तों बोगदा येऊं लागला. पाहण्याचा वेळ कमी झाला, आणि पाहिलेलें राखण्याचें ओझें कॅमेऱ्यावर पडलें.

योगायोग असा कीं, याच सुमारास रेखाकलेचें शिक्षण आपल्या मुलांस प्रथम खुलें झालें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें मुंबईची कलाशाळा १८५७ सालीं सुरूं झाली. प्रिन्सिपॉल ग्रिफिथ्स यांच्या हाताखालीं १८७२ ते १८८५ या वर्षांत तिच्या विद्यार्थ्यांनीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं या शाळेंत विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ सालीं तेथूनच निवृत्त झाले. १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तास त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' असें नांव दिलें तें यामुळें. धुरंधर हे धंद्यानें चित्रकार खरे. पण त्यांच्या दिवसाचा मोठा भाग नोकरीचा होता. वर्ग चालविणें, परीक्षा, वरिष्ठांचा पत्रव्यवहार, आणि वर गिऱ्हाइकांचीं मोठीं तैलचित्रें. असें असूनही त्यांचीं लहान रेखाचित्रें हजारांनीं मोजावीं लागतात. घरचीं माणसें, मॉडेल, रस्त्यावरचे फेरीवाले, बाजाराला निघालेल्या बायका, कांहींही त्यांस वर्ज्य नव्हतें; आणि पुष्कळ चित्रांवर सहीबरोबर तारीख आहे. १९२० सालीं ऑटो रॉथफील्ड यांच्या हिंदी स्त्रियांवरील ग्रंथासाठीं त्यांनीं निरनिराळ्या जातींच्या व प्रांतांच्या स्त्रिया काढल्या, त्यांतील लुगड्याचा घोळ, चालण्याची ढब, कडेवरच्या मुलाची बैठक हीं एका दिवसांत साधलेलीं नव्हेत. पूर्वीं ज्या माणसांना चित्राच्या कोपऱ्यांत प्रमाण दाखविण्यापुरती जागा मिळे, तीं येथें कागदाच्या मध्यावर आलीं.

राजकारणाचा व्याप सांभाळूनही ही संवय राखतां येते याचें उदाहरण औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें. राज्यकारभार, कीर्तन, नमस्कारांचा प्रचार आणि चित्रकला हीं सर्व त्यांनीं एकाच आयुष्यांत नियमानें चालविलीं. 'चित्ररामायण' हें त्यांच्या हातचें काम आहे. नमस्कार व रेखन हीं दोन्हीं त्यांच्या दिनचर्येंत शेजारीं नांदलीं, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. दोन्हींत एका दिवसाचें फळ दिसत नाहीं, आणि दोन्हींत खंड पडला तर तो लागलीच जाणवतो.

कर्जत तालुक्यांतील माथेरानचा उल्लेख येथें केला पाहिजे. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौकच्या बाजूनें हा डोंगर चढले आणि तेथें हवा खाण्याचें ठिकाण वसलें. हे सर चार्ल्स मॅलेट यांचे चिरंजीव. सर चार्ल्स यांनीं वेल्सच्या मुलीशीं विवाह केला असल्यानें त्या चित्रकाराचे ते दौहित्र. १९०७ सालीं सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या खटपटीनें नेरळहून लहान आगगाडी वर जाऊं लागली, तेव्हांपासून मुंबईकर मंडळी सुटींत येथें येऊं लागलीं, आणि त्यांत रंगपेटी घेऊन येणारेही असत. सुटींतलें हें रेखन वाईट असें कोण म्हणेल? परंतु सुटींतलें रेखन व नित्याचें रेखन यांत अंतर आहे. सुटी आपल्यास दृश्यें शोधावयास लावते. ठरलेल्या ठिकाणीं जाऊन ठरलेला सूर्यास्त काढला जातो. नित्याचें रेखन जें रोज दिसतें आणि म्हणूनच दिसेनासें झालेलें असतें, त्याकडे पाहावयास लावतें.

हा भेद केवळ रसिकतेचा नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरड कोसळून गाडली गेली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि चार दिवसांनीं शोध थांबवावा लागला. इर्शाळचा सुळका व त्यांतलें नेढें मुंबई-पुण्याच्या रस्त्यानें जाणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या नजरेंत भरलेलें आहे. २००२ सालीं पुऱ्या झालेल्या द्रुतगति मार्गावरून आज लाखों लोक त्याच्या आसपासून जातात. वाडी मात्र त्या रात्रीपूर्वीं त्यांपैकीं किती जणांस ठाऊक होती? ओसरीचा उतार, कुडाच्या भिंती, दाराशीं रचलेलें सरपण, गोठ्याची जागा, हें जर कोणी येतांजातां कागदावर उतरवून तारीख घातली असती तर दरड थांबली नसती हें खरें. पण वांचलेल्या माणसांच्या हातीं आपल्या घराचें एक रूप राहिलें असतें, आणि वस्ती कशी होती हें सांगावयास पंचनाम्याशिवाय दुसरा कागद राहिला असता. चित्राच्या कोपऱ्यांतलें माणूस कोपऱ्यांतच राहतें तेव्हां काय गमावलें जातें, तें अशा वेळीं कळतें.

आजच्या घटकेस या दोन तालुक्यांचें रूप झपाट्यानें पालटत आहे. १९१५ सालीं टाटांचें वीजघर खोपोलीस सुरूं झालें तेव्हां आरंभलेला फेरबदल आतां खाचरांपर्यंत येऊन पोंचला आहे; भाताच्या शेतांत शहरांतल्या लोकांचीं विश्रांतिगृहें उठत आहेत. फोटो तर प्रत्येकाच्या खिशांत आहे, मग शिसपेन कशाला, असा प्रश्न कोणी करील. फोटो क्षणांत निघतो आणि क्षणांत विसरलाही जातो. पाव तास एका चौथऱ्याकडे पाहून जो तो काढतो त्याला त्या चौथऱ्याचे दगड मोजावे लागतात. जगांत इतरत्रही लोकांस याची आठवण झालेली दिसते. अमेरिकेंतील सिॲटल येथील गाब्रिएल कांपानारियो या वृत्तपत्रांतील चित्रकारानें २००७ सालीं, जेथें आपण राहतों व जेथें जातों तें समोर बसून रेखाटावें, अशी जी चळवळ आरंभिली तिच्या शाखा आज हिंदुस्थानच्या शहरांतही आहेत. त्यांत सामील होणारे बहुतेक नोकरी-धंद्याचेच लोक असतात.

वर जीं उदाहरणें आलीं त्यांतून संसारी माणसास उपयोगी अशा चार गोष्टी निघतात, त्या सांगून हा लेख पुरा करतों. पहिली, दिवसांतील ठरलेली रिकामी घटका हेरावी. कर्जतच्या गाडींतून रोज मुंबईस जाणाऱ्यास ती प्रवासांतच आहे, गृहिणीस कुकर चुलीवर असतां आहे, शिक्षकास मधल्या सुटींत आहे. दुसरी, साधन लहान असावें. वही पिशवींत मावली नाहीं तर ती घरीं राहते. तिसरी, प्रत्येक चित्रावर तारीख, गांव आणि शक्य असेल तेथें माणसाचें नांव घालावें. हात कच्चा असला तरी नोंद पक्की होते, आणि पुढें किंमत नोंदीलाच येते. चौथी, डोंगराआधीं घर काढावें, घराआधीं त्यांत राहणारें माणूस काढावें. कारण डोंगर काढणारे पुष्कळ होऊन गेले.

जमाखर्चाची वही प्रत्येक घरांत असे, आणि तींत खंड पडणें गृहस्थास लाजिरवाणें वाटे. तिच्याशेजारीं एक चित्रवहीही असावी, आणि घरांतल्या कोणींही, मोठ्यानें वा लहानानें, तींत त्या दिवसाचें एक पान भरावें, एवढेंच आमचें मागणें आहे. दहा वर्षांनीं ती वही उघडणाऱ्यास आपल्या आळीचें, आपल्या गांवच्या वेशीचें, आपल्या माणसांचें रूप तींत सांपडेल. आणि तें कोणा परक्याच्या हातचें नसेल.